तार कोणी बांधली

दादाच्या मुलीनं पाण्याचा पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही. जिना चढून आल्याची धाप ओसरल्यावर तिनं तो खिडकीत ठेवला आणि उभ्याउभ्याच निरोप सांगितला. डॉक्टर आता आठवड्यापलीकडचं काही बोलत नाहीत. वडिलांची शुद्ध चांगली आहे, बोलतातही, फक्त मधे मधे श्वासासाठी थांबावं लागतं. त्यांनी काही मागितलेलं नाही. आजोबांनी एकदा येऊन जावं, एवढंच म्हणालेत.

रविवार असल्यानं खाली लाँड्री बंद होती. एरवी या घराची जमीन सकाळी सहापासून थरथरत असे. धुण्याची मोठी पिंपं, चादरी पिळणारं यंत्र आणि पलीकडे इस्त्रीचा तापलेला रूळ, यांच्यावर आवाज चढवून बोलायची साऱ्या घराला सवय जडली होती. रविवारी मात्र ज्याला त्याला आपलाच आवाज मोठा वाटे, आणि मग कोणी फारसं बोलत नसे.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. वय चौऱ्याऐंशी, पाठ अजून ताठ, गुडघ्यांवर घडी घातलेलं वर्तमानपत्र. समोर उभ्या असलेल्या या सव्वीस वर्षांच्या नातीला ते आयुष्यात तिसऱ्यांदा पाहत होते.

"त्याला सांग, मी रोज त्याची आठवण काढतो," ते म्हणाले. "माझ्या भावाची काढतो, तेव्हा त्याचीही निघते."

"म्हणजे येणार नाही."

"नाही."

मुलगी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करत असे. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत त्याच्या डोळ्यांकडे बघत राहायची तिला सवय होती. बाबांचं बोलणं संपलं तरी ती बघत राहिली. शेवटी बाबांनीच वर्तमानपत्र उघडलं.

एकतीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट या घरात कोणी पुन्हा सांगत नसे, कारण ती सगळ्यांना एकसारखी पाठ होती. तेव्हा बॉयलर दादाच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या मुलाच्या, ताब्यात होता. वाफेचा दाब वाढला की त्यावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा आपोआप उचलला जाई आणि जादा वाफ बाहेर पडे. घाईच्या दिवशी दादा तो दांडा तारेनं बांधून टाकी. वाफ आत कोंडली की रूळ जास्त तापे आणि चादरी भराभर निघत. त्या दिवशीही त्यानं तार बांधली आणि नळजोडणीच्या कामासाठी बाहेर निघून गेला. दुपारी पावणेपाचला बॉयलर फुटला. दाबाचा काटा बघायला शिडीवर चढलेले काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, जागीच गेले. ते चौतीस वर्षांचे होते. चौकशीला आलेल्या साहेबाला दांड्यावर तारेचा तुकडा सापडला. त्यानं दादाला विचारलं, आणि दादा म्हणाला, "तार मीच बांधतो." तेवढं बास झालं. तिसऱ्या दिवशी बाबांनी त्याला घराबाहेर काढलं. तोही पिशवीत दोन कपडे भरून एक शब्द न बोलता गेला.

घरातल्या सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट एवढीच.

दारापाशी भाऊ उभा होता. बाबांचा दुसरा मुलगा. दादा गेल्यावर लाँड्री त्यानंच उभी केली. नवा बॉयलर आणला, शेडवर नवं छप्पर घातलं आणि हाताखाली अठरा माणसं ठेवली. एकतीस वर्षांत त्यानं एकदाही कामाला सुट्टी घेतली नव्हती, आणि घरातले याला त्याचा स्वभाव म्हणत. आता त्याला जाणवलं की दादाची मुलगी जायला निघाली आहे. ती जिना उतरेल, रस्ता ओलांडेल, आणि मग हे बोलायला कोणी समोर उरणार नाही. हे वाक्य त्यानं इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की त्यातली भीती झिजून गेली असेल असं त्याला वाटत होतं. ती तशीच होती.

"तार मी बांधली होती," तो म्हणाला.

कोणाला नीट ऐकू गेलं नाही, किंवा गेलं तरी समजलं नाही. त्याची बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होती, तिनं काय म्हणालात असं विचारलं. त्यानं तेच पुन्हा सांगितलं. मग थांबणं अवघड झालं तसा तो सगळंच सांगत गेला. हॉस्पिटलच्या चारशे चादरी सहाच्या आत द्यायच्या होत्या. व्हॉल्व्ह सारखा फुसफुसत होता, रूळ तापत नव्हता. दादा जाताना काट्यावर लक्ष ठेव म्हणून सांगून गेला होता. दांडा तेव्हा मोकळा होता. चार वाजता आपण पक्कड आणि तार घेऊन शिडीवर चढलो, तीन वेढे दिले आणि खाली येऊन रुळाला लागलो.

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"तुला त्याची दया येते," ते म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, लहान मुलाची समजूत काढावी तसा. "थोरला भाऊ मरतोय म्हटल्यावर येणारच. म्हणून हे अंगावर घेतोयस, मी जावं म्हणून."

"नाही बाबा."

"मग एकतीस वर्षं काय करत होतास?"

भाऊ दार सोडून पुढे आला. त्याची बायको म्हणाली की हे चार दिवस नीट झोपलेले नाहीत, दादांच्या आजाराचं कळल्यापासून असंच काहीबाही चाललंय. आता कोणी हा विषय वाढवू नये. बोलताना ती नवऱ्याकडे न बघता सासऱ्यांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर एक विनंती होती: हे तुम्ही मानू नका.

बाबांची मुलगी छोटी भिंतीला टेकून खाली बसली होती. त्रेचाळीस वर्षांची झाली तरी घरात ती छोटीच होती. विमा कंपनीच्या दावे विभागात तिनं बावीस वर्षं काढली होती. जळालेली गोदामं, भिजलेला माल, फुटलेली यंत्रं. रोज तिच्या टेबलावर माणसं कागदावर आपलं नुकसान मांडत, आणि त्यातलं काय धरायचं, काय सोडायचं ते ती ठरवत असे. दावा खरा आहे म्हणून मंजूर होतो असं नाही, हे तिला पहिल्या वर्षातच कळलं होतं. मुदत उलटली, सही राहिली, साक्षीदार नात्यातला निघाला, की खराही दावा परत जातो. भाऊचा दावा तर कुठल्याच खिडकीवर टिकला नसता. तीन दशकं उशीर, कागद नाही, आणि सांगणाऱ्याला सांगण्यात स्वार्थ. हा स्वार्थ मनावरचं ओझं उतरवण्याचा.

एक साक्षीदार मात्र होता.

"मी त्याला शिडीवर पाहिलं होतं," ती म्हणाली.

बाबांनी मान वळवली नाही.

"शाळेतून आले होते. तुम्हीच मला चहाची किटली देऊन शेडमधे पाठवलं होतं. भाऊ वर होता, हातात पक्कड होती. वाफ आहे, मागे हो, असं म्हणाला मला." ती भिंतीचा आधार घेऊन उठली. "हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं बाबा. दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही नळावर पाय धूत होतात."

भाऊनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू आपल्याच घरात एक खोली आहे, आणि ती आपल्याला आज पहिल्यांदा दिसते आहे. तिनं पाहिलं होतं हे त्याला ठाऊक होतं. ती बारा वर्षांची होती, विसरली असेल, असं तो धरून चालला होता. तिनं सांगितलं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं रोज सकाळी बाबा त्याच्या हातून किल्ल्यांचा जुडगा घेत होते, तो देत होता, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

"तू बारा वर्षांची होतीस," बाबा म्हणाले.

"मी आज त्रेचाळीस वर्षांची आहे आणि तेच पाहिलेलं आहे."

त्या दिवसाची बाबांना जी आठवण होती ती पाण्याची होती. नळाचं पाणी गार होतं, पायावर पडत होतं, आणि मुलगी मागे उभी राहून बोलत होती. ती काय सांगते आहे हे तिचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आतच त्यांना कळलं होतं. तिच्यावर त्यांचा विश्वास बसला नाही असं झालं नव्हतं. विश्वास बसला, आणि पाणी चालू असेपर्यंतच टिकला. नळ बंद करताना त्यांनी तो काढून ठेवला. मग वळून ते तिला म्हणाले की वाफेत माणूस नीट दिसत नाही. तिनं दिसत होता म्हटलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती गप्प झाली.

"माझा भाऊ गेला होता," ते आता म्हणाले, कोणाकडेच न बघता. "एक मुलगा मीच आदल्या दिवशी घालवला होता. आणि तू दुसऱ्याचं नाव घेऊन आलीस. मी काय करायला हवं होतं?"

"मला विचारायला हवं होतं."

"काय?"

"नीट पाहिलंस का, एवढंच."

बाबांनी वर्तमानपत्र उचलून खुर्चीखाली ठेवलं.

एवढा वेळ काकू पलंगाच्या कडेला बसून होती. काका गेले तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती, आता साठीला आली होती. मूलबाळ नव्हतं. माहेरी परत जावं असं तेव्हा दोघातिघांनी सुचवलं होतं. भाऊ मधे पडला होता. काकू इथंच राहील, तिचं सगळं मी बघेन, असं त्या एकवीस वर्षांच्या मुलानं सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं होतं. तिला त्याचं फार वाटलं होतं. पुढे त्यानं बोललेलं निभावलंही. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तो आठ रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिला होता. ती त्याला आवडते म्हणून भाताची खरवड काढून ठेवी. या सगळ्याकडे ती आता मागे वळून बघत होती, आणि प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू फुटत होती.

"हे वर चढले तेव्हा तू कुठे होतास?" तिनं विचारलं.

"खाली. रुळापाशी."

"तुला दिसले?"

भाऊनं होकारार्थी मान हलवली.

"हाक मारली नाहीस."

खोलीतल्या कोणालाही हा प्रश्न आजवर सुचला नव्हता. भाऊ अगदी हळू म्हणाला की मला वाटलं, काका वर जाऊन तार बघतील आणि खाली येऊन माझ्या कानाखाली देतील. तेवढंच होईल असं वाटलं. हाक मारली असती तर आपणहून कबूल केल्यासारखं झालं असतं.

काकू उठली. पदर नीट केला आणि आतल्या खोलीत गेली. दार तिनं आपटलं नाही, नुसतं लोटलं. दादाच्या मुलीनं खिडकीतला पेला उचलला आणि उभ्यानंच सगळं पाणी पिऊन टाकलं.

मग ती म्हणाली की भेटीची वेळ चार ते सहा आहे.

*

चार वाजता निघाले. भाऊ गाडी चालवत होता, शेजारी बाबांची काठी उभी होती, मागे बाबा, छोटी आणि दादाची मुलगी. भाऊच्या बायकोनं येत नाही म्हणून सांगितलं. जे बोलून झालं ते बोलून झालं, आता तिकडे जाऊन काय मिळणार, असं ती छोटीला जिन्यात म्हणाली, आणि वर असंही म्हणाली की तुम्ही तरी गप्प बसायचं होतं. गाडी सुरू होताना काकू खाली आली. तिनं साडी बदलली होती. तिच्यासाठी भाऊनं उतरून पुढचं दार उघडलं, पण ती मागचं दार उघडून छोटीच्या अंगाला अंग लावून बसली.

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. चौदा खाटा होत्या, दादाची खाट भिंतीकडची. छोटीनं त्याला मधल्या काळात चार वेळा पाहिलं होतं, चोरून, त्याच्या कामाच्या जागी. तो एका शाळेत पंप आणि पाण्याच्या टाक्या सांभाळायचा. तरी तिला तो ओळखायला क्षणभर लागला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस बाबांच्या वयाचा दिसत होता. नाकाशी नळी होती. अंगावरच्या चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची खूण होती, त्यांच्याच लाँड्रीची. गेले अठरा दिवस तो भावानं धुतलेल्या चादरींवर झोपत होता, आणि त्याला ते ठाऊक असणारच.

"आलात," दादा म्हणाला.

बाबा स्टुलावर बसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर काढून घेतली. बाबा म्हणाले, "माझं चुकलं," आणि पुढे काहीतरी बोलणार तोच दादानं हात वर केला.

"तुम्ही काय करणार होतात? तुमच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं."

तेव्हा भाऊ पुढे झाला. खाटेच्या पायाशी लोखंडी दांडी होती, ती त्यानं दोन्ही हातांनी धरली आणि सांगितलं. घरी सांगताना त्याचे शब्द अडखळले होते, इथे सरळ आले. दादा, तार मी बांधली होती. तू गेलास तेव्हा दांडा मोकळा होता. तुला हे भोगावं लागलं ते माझ्यामुळे.

दादानं लक्ष देऊन सगळं ऐकून घेतलं. मग दोन-तीन श्वास घेतले.

"नाही," तो म्हणाला. "मी बांधली होती."

"दादा, तू बाहेर गेला होतास."

"जायच्या आधी बांधली. गाठोड्यांना वापरायचो ती जाडी तार. दोन वेढे दिले आणि टोक आत दुमडलं, कोणाच्या हाताला लागू नये म्हणून. डाव्या अंगठ्याला चीरही गेली होती." त्यानं अंगठा चादरीबाहेर काढून पाहिला, चीर अजून तिथं असावी तसा. "नळाच्या कचेरीत रांगेत उभा होतो तेव्हा अंगठा चोखत होतो. सगळं आठवतं मला."

"तो दुसरा दिवस असेल. आधीच्या आठवड्यातला. मी तीन वेढे दिले होते."

"ते तुला मागाहून वाटतंय. तू भला माणूस आहेस, म्हणून वाटतंय." दादा थोडा हसला. "काकूचं सगळं तू केलंस. बाबांचं केलंस. आता माझंही करायला निघालास होय?"

दादाची मुलगी खाटेच्या दुसऱ्या बाजूला होती. तिनं वाकून वडिलांना सांगितलं की हे खरं बोलताहेत, आत्यानं पाहिलं होतं, आजोबांनाही माहीत होतं. दादाची नजर छोटीकडे वळली.

"तू लहान होतीस," तो म्हणाला. "आठवतं तुला?"

छोटीला आठवत होतं. पण दादाच्या डोळ्यांत काय होतं ते तिला दिसलं. त्यात आशा नव्हती, घाबरलेपण होतं. तिच्या टेबलावर हे दोन अर्ज शेजारी शेजारी आले असते, तर तिनं दादाचाच मंजूर केला असता. अंगठ्याची चीर, दुमडलेलं टोक, रांग, सगळं जागच्या जागी. एकतीस वर्षं तो रोज तिथं गेला होता, रोज तार बांधून आला होता, आणि त्यावरच त्यानं आपलं उरलेलं आयुष्य बेतलं होतं. कोणाकडे काही मागितलं नाही, कोणाला दोष दिला नाही, शाळेतल्या पंपाचा व्हॉल्व्ह दिवसातून चार वेळा तपासत राहिला. हे सगळं दुसऱ्याच कोणाच्या गुन्ह्यासाठी होतं, असं त्याला या खाटेवर कोणी सांगायचं?

"आठवतं," ती म्हणाली. "मी भाऊला पाहिलं होतं, दादा."

"वाफ असते गं तिथं," दादा म्हणाला. "नीट दिसत नाही."

स्टुलावर बसलेल्या बाबांनी डोळे मिटून घेतले.

दादानं मान वळवून काकूला शोधलं. ती सगळ्यांच्या मागे उभी होती. दरवर्षी त्या तारखेला मी लाँड्रीसमोरच्या बसथांब्यावर येऊन उभा राहायचो, असं त्यानं सांगितलं. वर येऊन तुझ्या पाया पडावं असं ठरवून यायचो. दोन-तीन बस सोडायचो, मग पुढची पकडून परत जायचो. आता ते राहून जायला नको.

"मला माफ कर काकू."

काकूनं आधी भाऊकडे पाहिलं. तो दांडी धरून उभा होता, बोटं पांढरी पडलेली, चेहरा उघडा, वाट बघणारा. मग ती खाटेजवळ गेली आणि वाकून दादाच्या कपाळावर हात ठेवला.

"केलं," ती म्हणाली. "केव्हाच केलं होतं."

दादानं सुटल्यासारखा श्वास सोडला. त्याला झोप येत होती. त्यानंतर चार दिवसांनी, गुरुवारी सकाळी तो गेला. तार आपणच बांधली होती आणि काकूनं आपल्याला माफ केलं, हे दोन्ही मनाशी धरून गेला.

*

वॉर्डाबाहेर लांब व्हरांडा होता, भिंतीला लागून बाकं होती. काकू जिन्याकडे चालली होती, तिला भाऊनं वाटेत गाठलं. त्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं फक्त "काकू" म्हटलं.

"ते त्याला दिलं," ती म्हणाली. "त्यानं मागितलं म्हणून. तुझं त्यात काही नाही."

दादाची मुलगी बाहेर आली. इतका वेळ ती रडली नव्हती आणि आताही रडत नव्हती. वडील म्हणतात म्हणून तसंच राहणार का, असं तिनं विचारलं. माझी आई घरी आहे. लग्न करताना तिला लोकांनी सांगितलं होतं की हा काकाला मारून आलाय. तिनं ते पोटात घालून संसार केला. तिला मी जाऊन काय सांगू, नुसतं तोंडानं?

छोटीनं पर्समधून वही काढली. बाकावर बसून तिनं मथळा, तारीख, वेळ लिहिली, नेहमीच्या हातानं, आणि वही भाऊपुढे धरली.

"तुझ्या शब्दांत लिही. कारणं देऊ नकोस. काय केलं तेवढंच."

भाऊ बाकाच्या टोकाला बसला आणि गुडघ्यावर वही घेऊन लिहू लागला. पानभरही झालं नाही. बाबांनी काठी बाकाला टेकवून खाली सही केली, आणि सहीच्या वर एक ओळ घातली: हे मला तेव्हा सांगण्यात आलं होतं, मी ते दडपलं. छोटीनं सही केली. मग काकूनं चष्मा लावला आणि भाऊला मोठ्यानं वाचायला सांगितलं. येणारीजाणारी माणसं बघत होती. भाऊनं वाचलं. शेवटपर्यंत आल्यावर काकू म्हणाली, "ते राहिलं."

भाऊला कळलं. त्यानं पेन घेतलं आणि लिहिलं: काका शिडी चढताना मला दिसले. मी हाक मारली नाही.

तेव्हा काकूनं सही केली.

हा कागद कुठे द्यायचा असतो, असं भाऊनं विचारलं. चौकशीची कचेरी कधीच बंद झाली होती, तो साहेब हयात असण्याची शक्यता नव्हती. कुठे द्यायचा नसतो, असं छोटी म्हणाली. दादाच्या मुलीनं कागदाची दोनदा घडी घातली, तो पर्समधे ठेवला आणि आईची जेवणाची वेळ झाली म्हणून निघाली. काकू तिच्याबरोबर निघाली. तिनं तसं कोणाला सांगितलं नाही. दोघी जिना उतरल्या, फाटकातून बाहेर पडल्या, आणि भाऊ गाडी काढून आणेपर्यंत समोरच्या थांब्यावर आलेल्या बसमधे चढल्या होत्या.

बाबांना गाडीत बसवायला वेळ लागला. मागे आता ऐसपैस जागा होती. गाडी फाटकाशी आली तेव्हा त्यांनी विचारलं की ती कुठे गेली.

"दादाच्या घरी," छोटी म्हणाली.

"तिकडेच घे मग," बाबा म्हणाले. "सुनेला भेटायला हवं."

भाऊनं गाडी थांबवली. डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं आरशातून छोटीकडे पाहिलं. तिला शाळा माहीत होती, पंपाची खोली माहीत होती. घर माहीत नव्हतं. तिनं नकारार्थी मान हलवली.

मागची गाडी हॉर्न वाजवू लागली. बाबा वाट बघत होते, त्यांना वाटत होतं दोघांपैकी कोणाला तरी माहीत असेल.